तपासी अंमलदारांचं प्रशिक्षण: निवासी कोर्स, ऑनलाइन की जिल्ह्यातली कार्यशाळा?

1 जुलै 2024 ला नवे फौजदारी कायदे लागू झाले आणि पोलीस घटकप्रमुखांच्या (जिल्ह्याचे अधीक्षक, शहराचे आयुक्त) टेबलावर प्रशिक्षणाच्या पत्रांचा ढीग वाढला. मनुष्यबळ मात्र तेवढंच. एक उपनिरीक्षक दोन आठवडे बाहेर गेला की त्याचे गुन्हे दुसऱ्याच्या गळ्यात पडतात. मी सरकारी पक्षातर्फे खटले चालवतो, त्यामुळे कोण काय शिकून आलं ते मला उलटतपासणीच्या वेळी कळतं. ही तुलना त्या बाजूने केलेली आहे.

कायद्याची अपेक्षा स्पष्ट आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 176(3) प्रमाणे सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक (फॉरेन्सिक) तज्ज्ञाने घटनास्थळी यायचं. त्याच्या तयारीसाठी राज्यांना पाच वर्षं दिली आहेत. कलम 105 प्रमाणे झडती-जप्तीचं चित्रीकरण करायचं. तज्ज्ञ येणार म्हटल्यावर आपण कशाला शिकायचं, असं काही अधिकारी विचारतात. पण फॉरेन्सिक व्हॅनच्या आधी तिथे पोचतो तो ठाण्याचाच माणूस. त्याने गर्दी आत सोडली, तर मागून येणाऱ्या तज्ज्ञाला गावकऱ्यांच्या चपलांचे ठसे मिळतात.

पहिला पर्याय निवासी कोर्स. नाशिकची महाराष्ट्र पोलीस प्रबोधिनी आहे, आणि राज्याबाहेर केंद्राच्या गुप्तचर प्रशिक्षण संस्था (सीडीटीआय) आहेत, तिथे गुन्ह्यांचा तपास शिकवतात. हैदराबाद आपल्याला त्यातल्या त्यात सोयीची. इथली जमेची बाजू म्हणजे सलग वेळ, सराव आणि इतर राज्यांच्या अधिकाऱ्यांची ओळख. सायबर गुन्ह्यात पैसा जामतारा, मेवात असा फिरतो, तेव्हा त्या ओळखीतून एका फोनवर काम होतं. खोट दुसरीकडेच आहे. मोबाइल फॉरेन्सिक शिकून आलेला उपनिरीक्षक काही महिन्यांत बदलीवर वाहतूक शाखेत जातो. असं होणार असेल तर ती जागा वाया गेली. किमान दोन वर्षं त्याच कामावर ठेवायची तयारी असेल, तरच नाव द्यावं.

ऑनलाइनबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. सायबर गुन्ह्यांसाठी केंद्राचं सायट्रेन पोर्टल आहे, सरकारी कर्मचाऱ्यांसाठी आयगॉट कर्मयोगी आहे. कलमं, व्याख्या, कार्यपद्धती यांची उजळणी घरबसल्या होते, माणूस ठाण्यातून हलत नाही. मात्र व्हिडिओ पुढे ढकलून प्रमाणपत्र मिळवणारेही आहेत, आणि लाखेचं सील कसं लावायचं हे स्क्रीनवरून हातात उतरत नाही. निवासी कोर्सला जाण्याआधीची तयारी म्हणून हे सक्तीचं करावं. एवढ्यावर प्रशिक्षण झालं असं समजू नये.

तिसरा पर्याय सगळ्यात स्वस्त, आणि त्याकडेच सगळ्यात कमी लक्ष जातं: जिल्ह्यातच, न्यायवैद्यक प्रयोगशाळेचे लोक बोलावून घेतलेली कार्यशाळा. मुंबईत कलिनाची प्रयोगशाळा आहेच. शिवाय नागपूर, पुणे, छत्रपती संभाजीनगर, नाशिक, अमरावती, नांदेड, कोल्हापूर इथे प्रादेशिक प्रयोगशाळा आहेत. आपल्याच ठाण्याकडून आलेली पाकिटं तिथले विश्लेषक रोज उघडतात, त्यामुळे आपण नेमकं कुठे चुकतो हे त्यांना पाठ असतं.

रक्ताने भिजलेला शर्ट घ्या. घाईत तो प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबतात आणि वर सील लावतात. आत दमट राहिलं की बुरशी धरते, डीएनए खराब होतो, आणि पुढे सीए रिपोर्टमध्ये (प्रयोगशाळेच्या रासायनिक विश्लेषणाच्या अहवालात) ‘निष्कर्ष काढता येत नाही’ एवढीच ओळ येते. शर्ट सावलीत वाळवायचा, उन्हात नाही. घडी घालताना मधे कोरा कागद ठेवायचा, म्हणजे एका बाजूचा डाग दुसऱ्या बाजूला लागत नाही. मग कागदी पाकीट. आरोपीचे आणि मयताचे कपडे वेगवेगळ्या पाकिटांत. सील कुणी लावलं, पाकीट कुणाच्या ताब्यात होतं, प्रयोगशाळेत कोण घेऊन गेलं, याची नोंद तुटता कामा नये. अर्ध्या दिवसात जुन्या कपड्यांवर हे करून घेता येतं. बचाव पक्षाचे वकील नेमके इथेच बोट ठेवतात.

डीव्हीआरचंही, म्हणजे सीसीटीव्हीचं चित्रण साठवणाऱ्या यंत्राचंही, तेच. 2014 च्या जालना विधानसभा निवडणुकीच्या वादात, अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणी, सर्वोच्च न्यायालयाने 14 जुलै 2020 ला सांगितलं की मूळ उपकरण हजर केलं नाही आणि प्रत दाखल केली, तर तिच्यासोबत जुन्या पुरावा कायद्याच्या कलम 65ब चं प्रमाणपत्र हवंच. आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालच्या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत: भाग अ उपकरण ज्याच्या ताब्यात आहे त्याचा, भाग ब तज्ज्ञाचा, आणि त्यात हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलमध्ये फेरफार झालेला नाही हे दाखवणारा तिचा डिजिटल ठसा, लिहावी लागते. हॅश कशी काढायची हे कोर्समध्ये शिकवतीलच. पण दुकानदाराकडून भाग अ भरून घेताना त्याला समजावायचं कसं, हे जिल्ह्यातल्या अनुभवी अंमलदाराकडूनच शिकावं.

तेव्हा माझा कौल असा. पैसे आणि माणसं कमी असतील तर आधी जिल्ह्यातली कार्यशाळा, आणि तिला फक्त अधिकारी नकोत. मुद्देमाल कारकून आणि पहिल्यांदा घटनास्थळी पोचणारे बीट अंमलदार यांना पुढच्या रांगेत बसवा. त्यांना कोणत्याच कोर्सला कुणी पाठवत नाही. सायबर ठाण्यातल्या दोघा-तिघांसाठी हैदराबाद किंवा नाशिक. ज्याला महासंचालक कार्यालयाला नुसती संख्या कळवायची आहे, त्याला ऑनलाइन पुरेसं आहे.

आणि निवासी कोर्सची तारीख वारी, गणपती, नवरात्र किंवा निवडणुकीला लागून येत असेल तर नाव पाठवूच नका. तिसऱ्या दिवशी बंदोबस्तासाठी परतीचा बिनतारी संदेश येतो.