‘योजनेतून, मेडिक्लेम का कॅश?’ सोलापूरच्या एकाच घरातली तीन आरोग्यकार्डं

रुग्णालयाच्या खिडकीवर पेशंटला काय होतंय हे विचारायच्या आधी एक प्रश्न येतो: ‘योजनेतून करायचंय, मेडिक्लेम आहे, का कॅश?’ सोलापुरात तो इतका अंगवळणी पडलाय की खटकतही नाही. जर्मनीत विम्याचं कार्ड यंत्रात घालतात आणि पैशाचा विषय बहुतेक तिथेच मिटतो. ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयात तिथल्या रहिवाशासाठी बिलाची खिडकीच नाही. अमेरिकेत मात्र आपल्यासारखंच विचारतात, तेही जास्त खोलात जाऊन: कंपनी कोणती, प्लॅन कोणता, आमचं रुग्णालय त्यांच्या यादीत आहे का.

‘तिकडं युरोपात सगळं फुकट, अमेरिकेत सगळं महाग’ असं म्हणून आपण ही तुलना उरकतो. दोन्ही अर्धवट आहे. जर्मन माणूस रुग्णालयात दिवसाला १० युरो स्वतः भरतो, वर्षातले २८ दिवस होईपर्यंत. खरा फरक आहे तो हक्क कधी ठरतो यात. युरोपात हा हक्क माणूस धडधाकट असतानाच ठरून गेलेला असतो. अमेरिकेत बरंचसं आजारपण दारात आल्यावर, कागद चाळून ठरतं. सोलापुरात एकाच घरात दोन्ही तऱ्हा नांदतात: मुलगा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल कारखान्यात, त्याचा कामगार विमा, थोरला नोकरदार, त्याचं मेडिक्लेम, विड्या वळणारी आई आणि म्हातारे वडील रेशनकार्डावरच्या महात्मा फुले योजनेत. तिन्ही कार्डं वापरायला कशी आहेत, त्याचा हा हिशेब.

कामगार विमा, म्हणजे ईएसआय, वळणानं पक्का जर्मन. १८८३ साली जर्मनीचा चान्सलर बिस्मार्कनं आजारपणाच्या विम्याचा कायदा केला: मालक आणि मजूर दोघांनी पगाराच्या टक्क्यानं पैसे घालायचे, आणि आजार लहान का मोठा हे न बघता उपचार मिळायचे. आपला १९४८ चा कायदा त्याच वाटेचा. आज कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के जातात, मालक ३.२५ टक्के घालतो. १५,००० पगारावर कामगाराचे ११३ रुपये आणि मालकाचे ४८८. या सहाशे रुपयांत बायको, मुलं, अवलंबून असलेले आईवडील, ओपीडी, औषधं, ऑपरेशन, बाळंतपण सगळं येतं. आधीपासून असलेल्या आजाराला वेटिंग नाही, वय वाढलं म्हणून हप्ता वाढत नाही. या भावात असं काही देणारा एजंट सोलापुरात सात रस्त्यापासून आसरा चौकापर्यंत शोधला तरी सापडायचा नाही.

वर आजारपणाचा पगार. रोजची सरासरी मजुरी ५०० धरली तर ७० टक्क्यांनी ३५० रुपये रोज, वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस. पहिले दोन दिवस सहसा धरत नाहीत; म्हणजे वीस दिवस अंथरुणात गेले तर १८ गुणिले ३५०, एकूण ६,३०० रुपये. बाळंतपणाला २६ आठवडे पूर्ण मजुरी. जर्मनीत पहिले सहा आठवडे मालकच पूर्ण पगार देतो, मग विमा-संस्था ७० टक्के देते, एकाच आजारासाठी तीन वर्षांत ७८ आठवड्यांपर्यंत. टक्केवारी तीच, मुदत कितीतरी लांब. अर्थात तिथला हप्ताही १४.६ टक्के असतो, वर प्रत्येक संस्थेची आपली जादा आकारणी. अमेरिकेत देशभर लागू असा आजारपणाच्या पगाराचा कायदाच नाही. १९९३ च्या कायद्यानं १२ आठवडे रजा मिळते, पण बिनपगारी, आणि तीही साधारण ५० किंवा जास्त कामगारांच्या मालकाकडे असाल तर. काही राज्यांनी आपापल्या पुरती सोय केलीय, तेवढंच.

हे कार्ड बिघडतं ते हजेरीपटावर. आजारपणाचा पगार मिळायला सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी लागते. एप्रिल ते सप्टेंबरची वर्गणी पुढच्या जानेवारी ते जूनचा हक्क देते, ऑक्टोबर ते मार्चची जुलै ते डिसेंबरचा. आता यंत्रमागावर, शिलाईत कामगार पीसवर, म्हणजे नगाच्या मजुरीवर असतो, दिवाळीनंतर कारखाना बदलतो, मधले दोन महिने नाव कुठेच नसतं. कारखान्यात माणसं पंधरा आणि पटावर नऊ, कारण दहाला कायदा लागतो, हाही जुना खेळ. सुट्टं काम, घरकाम, विडी वळणं यांना तर हा पटच नाही. जर्मन साचा चालतो तो मोठ्या, नोंदलेल्या नोकरीवर. सोलापूरच्या पूर्व भागात तेवढा कणा नाही, म्हणून कायदा चांगला असून कार्ड थोड्यांच्याच खिशात.

दुसरी चूक कामगाराकडूनच होते. ताप आला की गल्लीतल्या खासगी डॉक्टरकडे जातो, चार दिवसांनी पगारासाठी कामगार विम्याच्या शाखेत. तिथे त्या डॉक्टरची चिठ्ठी सहसा चालत नाही. पहिल्याच दिवशी ईएसआयच्या दवाखान्यात नोंद करून त्यांचा दाखला घ्यावा लागतो, मग फॉर्म ९. जर्मनीत २०२३ पासून हा कागद कामगाराला नेऊन द्यावाच लागत नाही; डॉक्टर दाखला थेट विमा-संस्थेला पाठवतो आणि मालक तिथून बघून घेतो. आणखी एक: पगार २१,००० च्या वर गेला की कार्ड लगेच बंद होतं असं कारखान्यात सांगतात, ते खरं नाही. मे महिन्यात पगार वाढला तरी सप्टेंबरअखेर वर्गणी चालूच राहते. कारकून मध्येच नाव काढत असेल तर भांडायला जागा आहे.

कागदावर या कार्डाला पाचपैकी साडेचार. खिडकीवर तीन.

मेडिक्लेम अमेरिकन वळणाचं. अमेरिकेत नोकरीला विमा चिकटला तो दुसऱ्या महायुद्धात. १९४२ मध्ये सरकारनं पगारवाढीला लगाम घातला, मग कारखानदारांनी माणसं टिकवायला विमा देऊ केला आणि पुढे करसवलतीनं ती सवय पक्की झाली. नोकरी गेली की विमा जातो. १८ महिने तोच पुढे चालवता येतो, पण मालकाचा वाटाही स्वतः भरून. त्या विम्यातही आधी आपल्या खिशातून भरायची रक्कम असते, डिडक्टिबल. समजा ती २,००० डॉलर आहे, उरलेल्यातले २० टक्के आपले आणि बिल १२,००० चं. म्हणजे २,००० अधिक १०,००० चे २० टक्के, एकूण ४,००० डॉलर खिशातून. विमा असूनही. १९८६ च्या कायद्यामुळे तातडीच्या विभागात पेशंटला तपासून स्थिर करावंच लागतं, हाकलता येत नाही. पण त्याचं बिल नंतर घरी येतं.

आपल्याकडे डिडक्टिबलचं काम ‘रूम रेंट’ करतो, आणि हीच जागा नीट बघायची. पॉलिसीत खोलीची मर्यादा रोज ४,००० आहे आणि नातेवाइकांनी ‘एसी बरी’ म्हणून ६,००० ची घेतली. फटका रोजच्या २,००० चाच बसेल असं सगळ्यांना वाटतं. तसं नाही. सर्जनची फी, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग हे सगळंच त्या प्रमाणात कापतात. हा भाग १,२०,००० चा असेल तर कंपनी दोन तृतीयांश, म्हणजे ८०,००० देणार. ४०,००० डिस्चार्जच्या दिवशी भरायचे. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्या या कपातीत येत नाहीत, तरी कापलेल्या रकमेत त्या घातलेल्या दिसल्या तर हटकायचं. पॉलिसी घेतानाच ‘खोलीला मर्यादा नाही’ किंवा निदान ‘सिंगल एसी’ असं लिहिलेली घ्यावी. पाच-सातशे रुपये जास्त गेले तरी चालतील.

बाकी भराभर. पहिले ३० दिवस अपघात सोडून काही नाही. हर्निया, मोतीबिंदू, मूळव्याध यांना बहुतेक ठिकाणी दोन वर्षं थांबावं लागतं. आधीच्या आजारांना २०२४ पासून जास्तीत जास्त ३६ महिने. साखर, बीपी फॉर्मवर लपवायचं नाही. एजंट ‘राहू दे हो’ म्हणतो, पण क्लेम नाकारला की तो फोन उचलत नाही. लागोपाठ ६० महिने पॉलिसी चालली की त्यानंतर सिद्ध झालेल्या फसवणुकीखेरीज ‘माहिती लपवली’ म्हणून कंपनीला नाकारता येत नाही. म्हणून नूतनीकरणात खंड पडू द्यायचा नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसीवर जीएसटी नाही, जुन्या हिशेबानं १८ टक्के लावलेला कोटेशनचा कागद कुणी पुढे केला तर परत करायचा. पाचपैकी तीन, तेही चाळिशीच्या आत घेतली तर.

आता महात्मा फुले. २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी नावानं जी योजना सुरू झाली त्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सोलापूर होतं, त्यामुळे इथल्या लोकांना ‘जीवनदायी’ हाच शब्द तोंडात बसलाय. २०१७ मध्ये नाव बदललं. १ जुलै २०२४ पासून पिवळं, केशरी, पांढरं असा भेद न ठेवता राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना वर्षाला ५ लाखांपर्यंत. हप्ता नाही, पैसा कराचा. म्हणजे ब्रिटिश रीत, १९४८ च्या ५ जुलैला तिथला आरोग्यमंत्री बेव्हननं सुरू केलेली.

पैसा ब्रिटिश, पण कुलूप अमेरिकन. ब्रिटनमध्ये सुरुवात घराजवळच्या डॉक्टरपासून होते; खोकला, साखर, गर्भारपण सगळं त्याच्याकडे, पुढची चिठ्ठी तोच देतो. रांग मात्र खरोखर लांब असते: ठरवून करायच्या ऑपरेशनला १८ आठवड्यांचं उद्दिष्ट आहे आणि ते कित्येक वर्षं गाठलेलं नाही. आपली योजना उघडते ती थेट रुग्णालयात, ठरलेल्या उपचारांच्या यादीवर, आधी मंजुरी घेऊन. साध्या ओपीडीला आणि रोजच्या गोळ्यांना ती नाही. साखरेच्या गोळ्या वर्षानुवर्षं खिशातून, आणि त्या परवडल्या नाहीत म्हणून किडनी गेली की डायलिसिस योजनेतून. याहून उलटा हिशेब शोधून सापडणार नाही.

वापरायची पद्धत अशी. बिलाच्या खिडकीवर न जाता आधी आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या रुग्णालयातल्या मदतनिसाचं टेबल गाठायचं. रेशनकार्ड, त्याचा १२ अंकी ऑनलाइन नंबर, पेशंटचं आधार. रुग्णालय योजनेत आहे एवढं पुरत नाही. ते कोणत्या विभागासाठी आहे ते विचारायचं. हाडांसाठी असेल, हृदयासाठी नसेल. मंजुरी येण्याआधी ‘तात्पुरते भरा’ म्हणून डिपॉझिट मागितलं तर तिथेच थांबायचं, कारण योजना कॅशलेस आहे आणि भरलेले पैसे मागून मिळवणं फार अवघड जातं. अपघात, झटका असेल तर फोनवरून तातडीची मंजुरी मिळते, कागद नंतर. मंजुरी झाल्यावर ‘हे बाहेरून आणा’ अशी चिठ्ठी हातात आली तर पक्की पावती घ्यायची आणि पेशंट आत असतानाच १५५३८८ किंवा १८००२३३२२०० वर तक्रार नोंदवायची. डिस्चार्जनंतर केलेल्या तक्रारीचा जोर निम्मा होतो.

सगळ्यात जास्त अडतं ते नावावर. इथल्या तेलुगू घरांची आडनावं रेशनकार्डावर एक आणि आधारवर दुसरी; कुठे ‘म्म’ला ‘म’, कुठे वडिलांच्या नावाच्या जागी आडनाव. लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव माहेरच्या कार्डातून कमी झालेलं नसतं, म्हणून सासरच्या कार्डात चढत नाही, आणि हे कळतं ते तिला ऑपरेशनच्या टेबलावर घ्यायच्या दिवशी. पुरवठा कार्यालयातलं हे काम आजारपण नसताना करून ठेवायचं.

आणि एक गोष्ट कुठल्याच फॉर्मवर नसते. ‘योजनेतला पेशंट’ हा शब्द वॉर्डात ज्या सुरात उच्चारतात तो सूर. अमेरिकेत म्हातारपणाचं मेडिकेअर आणि गरिबांचं मेडिकेड या दोन्ही योजना १९६५ सालच्या एकाच कायद्यातल्या. मेडिकेअरला लोक कमावलेला हक्क मानतात, कारण पगारातून कापलं जातं. मेडिकेडला उत्पन्नाचा दाखला लागतो, म्हणून त्यावर ‘सरकारी मेहेरबानी’चा डाग. युरोपात बहुतेक ठिकाणी श्रीमंत-गरीब एकाच रांगेत उभे असतात, तिथे हा डाग लागायला जागा कमी. पांढरं रेशनकार्डही आत आल्यानं आपल्याकडे हे बदलायला हवं. सूर अजून जुनाच आहे. योजनेला पाचपैकी साडेतीन, ओपीडी आली तर चार.

घरात तिन्ही कार्डं असतील तर क्रम असा. कारखान्यातल्या मुलाचं आणि त्याच्या बायको-मुलांचं काहीही असो, आधी कामगार विमा, कारण मजुरी तिथूनच मिळणार. आईची गुडघ्याची किंवा गर्भाशयाची शस्त्रक्रिया असेल तर ती महात्मा फुलेत बसते का ते यादीत बघायचं. थोरल्याचं मेडिक्लेम राखून ठेवायचं, यादीत न बसणाऱ्या आजारांसाठी. वडील सत्तरीच्या पुढे असतील तर ऑक्टोबर २०२४ पासून निघणारं आयुष्मान वय वंदना कार्ड वेगळं काढायचं. त्याला उत्पन्नाची अट नाही, मेडिक्लेम किंवा ईएसआय असलं तरी चालतं, आणि लागतं फक्त आधार. त्यावरची जन्मतारीख मात्र आधी तपासायची. जुन्या पिढीच्या आधारवर ती अनेकदा सरसकट १ जानेवारी असते, आणि जन्माचं वर्ष दोन-चारनं पुढचं लागलेलं असेल तर सत्तरी कागदावर उशिरा येते.