ताणावर सुया: पुण्यातल्या ॲक्युपंक्चर कोर्सचे पैसे नेमके कशासाठी द्यायचे

कोथरूड, सदाशिव पेठ, औंध, बाणेर, मगरपट्टा, कुठेही बघा, ॲक्युपंक्चरच्या पाटीवर गुडघेदुखी आणि सायटिकाच्या जोडीला आता ‘स्ट्रेस’ हा शब्द असतोच. बहुतेक ठिकाणी देऊ केली जाते ती एकच गोष्ट: आठ ते दहा सिटिंगचा कोर्स, आठवड्यातून दोनदा, दर वेळी पाऊण ते एक तास. हे परीक्षण त्या कोर्सचं आहे, कुणा एका दवाखान्याचं नाही.

आमचं मत आधीच सांगतो. ताण जेव्हा शरीरात उतरलेला असतो, म्हणजे मान आखडते, जबडा आवळला जातो, पोट बिघडतं, पहाटे तीनला डोळे टक्क उघडतात, तेव्हा हा कोर्स करून पाहण्याजोगा आहे. पण त्याचं मोल सुया टोचण्याआधीच्या चौकशीत आणि पाचव्या सिटिंगला मांडलेल्या, गुण आला की नाही याच्या हिशेबात आहे. या दोन गोष्टी जिथे होत नाहीत तिथे सुई कितीही सराईत हाताने टोचली तरी पैसे वाया जातात.

पहिली भेट किमान चाळीस मिनिटांची हवी. ॲक्युपंक्चर ज्या चिनी वैद्यकातून आलं त्यात ‘ताण’ नावाचा एकच आजार नाही. त्याचे वेगवेगळे साचे आहेत आणि साच्यानुसार पॉइंट, म्हणजे सुया टोचायच्या जागा, बदलतात. सर्वांत जास्त आढळतो तो यकृताची ‘ची’, म्हणजे त्या शास्त्राच्या मते शरीरात वाहणारी ऊर्जा, तुंबण्याचा साचा: सारखे उसासे, बरगड्यांखाली आवळल्यासारखं, चटकन चिडणं, घशात काहीतरी अडकल्याची भावना, बायकांमध्ये पाळीआधी छाती दुखणं. हे यकृत म्हणजे सोनोग्राफीत दिसणारं लिव्हर नव्हे. त्या शास्त्राने शरीर आणि भावना यांच्या एका जाळ्याला दिलेलं ते नाव आहे, त्यामुळे ‘लिव्हर बिघडलंय’ असं ऐकून घाबरू नका. दुसरा साचा हृदय आणि प्लीहा यांच्या दुर्बलतेचा: सतत काळजी, धडधड, भूक नाही, थकवा, जीभ फिकट आणि तिच्या कडांवर दातांचे ठसे. तिसऱ्यात रात्री घाम येतो, तळहात-तळपाय तापतात, जीभ लाल आणि कोरडी दिसते. आयटीतला रात्रपाळीचा मुलगा आणि घरातल्या आजारपणाने दमलेली बाई दोघंही ‘स्ट्रेस आहे’ एवढंच सांगतील, पण दोघांना त्याच दहा सुया टोचल्या जात असतील तर तिथे चिनी वैद्यक चालू नाही.

नाडी दोन्ही मनगटांवर, प्रत्येकी तीन बोटांनी, हलका आणि खोल दाब देत पाहिली जाते. आपल्याकडच्या वैद्यांच्या नाडीपरीक्षेसारखीच दिसली तरी वाचन निराळं. ताणाच्या पहिल्या साच्यात नाडी ‘तारेसारखी’ लागते, तानपुऱ्याची तार बोटाखाली धरावी तशी ताणलेली. जीभ दिवसाच्या उजेडात बघायची असते, आणि इथे पुणेकरांची एक चूक नेहमी होते: डॉक्टरांकडे जायचं म्हणून सकाळी टंग क्लीनरने जीभ लख्ख घासून जातात. जिभेवरचा थर हाच तपासणीचा अर्धा भाग असतो. त्या दिवशी जीभ घासू नका. कॉफी, पान, बीट आणि हळदीचं दूधही तपासणीनंतरच घ्या.

चांगला ॲक्युपंक्चरिस्ट याच भेटीत थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ चे रिपोर्ट विचारतो. थायरॉइड जास्त काम करत असेल तर धडधड, घाम, निद्रानाश हे सगळं हुबेहूब ताणासारखं दिसतं, आणि त्यावर महिनाभर सुया टोचून घेणं म्हणजे खरा उपचार महिनाभर लांबवणं.

आता सुया. केसापेक्षा जाड, टोकाला इंजेक्शनसारखी पोकळी नसलेल्या स्टीलच्या सुया. हातापायांसाठी साधारण ०.२५ मिलिमीटर जाडीच्या, म्हणजे आजकालच्या बारीक इन्सुलिन सुईएवढ्या. निर्जंतुक सीलबंद पाकीट तुमच्यासमोर फाडलं गेलं पाहिजे आणि त्यावरची मुदत वाचता आली पाहिजे. ‘तुमचा सेट आम्ही डबीत वेगळा ठेवतो, पुढच्या वेळी तोच वापरतो’ असं कुणी म्हटलं तर चपला घालून बाहेर पडा. सुई एकदा वापरली की टाकायची, आणि टाकायची ती जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे टोचून फुटणार नाही अशा पांढऱ्या डब्यात. हा डबा खोलीत दिसतो की नाही ते आल्या आल्या पाहा. डबा नसेल तर बाकी चौकशीची गरज नाही.

ताणासाठी वारंवार लागणारे पॉइंट मोजकेच आहेत: भुवयांच्या मध्ये, डोक्याच्या शेंड्यावर, मनगटावर दोन, अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात, गुडघ्याखाली, घोट्याच्या वर आणि पायाच्या अंगठ्यामागे. बेचक्यातला आणि पायाच्या अंगठ्यामागचा मिळून चार सुया होतात, त्यांना ‘चार दरवाजे’ म्हणतात. तुंबलेल्या ‘ची’साठी हीच जोडी आधी घेतली जाते. बेचक्यातला आणि घोट्यावरचा पॉइंट परंपरेने गरोदरपणात टाळतात, म्हणून दिवस राहिल्याची नुसती शंका असली तरी आधीच सांगायचं.

मनगटावरचा नेइग्वान हा पॉइंट जवळून पाहू. तळहात वर करा. मनगटाच्या घडीपासून कोपराच्या दिशेने तुमच्याच अंगठ्याच्या दोन रुंदी मोजा. मूठ किंचित आवळली की तिथे दोन दोऱ्या उभ्या राहतात, त्यांच्या मधोमध. प्लॅस्टिकची बारीक नळी तिथे टेकवून सुईच्या मुठीवर टिचकी मारली की टोक आत जातं आणि मुंगी चावल्याएवढंच जाणवतं. मग सुई हळूच फिरवत आत नेली की जडपणा, बोथट ठणका किंवा पसरत जाणारी मुंगी येते. तिला ‘दे ची’ म्हणतात आणि ती यायलाच हवी असते. मात्र बोटांपर्यंत वीज चमकली तर ती दे ची नव्हे. खालून मीडियन नर्व्ह जाते, तिला टोक लागलं. लगेच बोला, सुई थोडी मागे घेतली की थांबतं. ‘सहन करा, ऊर्जा वाहतेय’ हे उत्तर चुकीचं आहे.

सुया वीस ते तीस मिनिटं ठेवतात. या अर्ध्या तासात तुम्हाला एकटं, शांत, पांघरूण घालून पडू देणं हा उपचाराचाच भाग आहे. एका हॉलमध्ये सहा पलंग, पडद्यापलीकडे फोनवर अपॉइंटमेंट आणि अंगावर थेट एसीचा झोत असेल तर गुडघेदुखीला ते चालून जाईल, ताणाला नाही. हाताशी घंटी हवी. गणपतीच्या आधी महिना-दोन महिने संध्याकाळी ढोल-ताशांचा सराव चालतो. त्या काळात सकाळची वेळ घ्या.

जागा निवडताना ऑफिसजवळची नव्हे, घराजवळची निवडा. सिटिंगनंतर अंग सैल पडतं, गुंगी असते. त्या अवस्थेत हिंजवडीहून सिंहगड रोडपर्यंत दीड तास क्लच दाबत येणं म्हणजे नुकतीच सैल झालेली मान पुन्हा आवळून घेणं. सिटिंग संपल्यावर दहा मिनिटं बसून, पाणी पिऊन मगच गाडीला किक मारा.

उपाशीपोटी जाऊ नका. चतुर्थी किंवा एकादशीचा कडक उपास असेल त्या दिवशी सिटिंग ठेवू नका. रिकामं पोट, भीती आणि बसून टोचलेल्या सुया या तिन्हींच्या संगतीने चक्कर येण्याचे बहुतेक प्रसंग घडतात: आधी जांभया, मग थंड घाम, चेहरा पांढराफटक. सुया ताबडतोब काढून पाय वर करून झोपवलं की काही मिनिटांत माणूस सावरतो. तासभर आधी वाटीभर पोहे किंवा उपमा पुरे, आणि पहिली सिटिंग आडवं पडूनच घ्यायची.

थोडं रक्त, छोटा काळा-निळा डाग, सुई स्नायूत घट्ट धरली जाणं, हे होत राहतं. सुई अडकली तर ओढायची नसते. शेजारी हलकं चोळून स्नायू सैल होऊ द्यायचा. काढताना सुया मोजल्या जातात का ते पाहा, केसातली एखादी हमखास राहून जाते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, पेसमेकर असेल किंवा फिट येत असतील तर पहिल्याच भेटीत सांगा. काही ठिकाणी सुयांना तारा लावून सौम्य वीज सोडतात; पेसमेकर असताना ती जोडायची नसते.

खरा धोका खांद्यावर आहे. लॅपटॉपवाल्यांचा खांदा जिथे दगडासारखा लागतो, मान आणि खांद्याच्या टोकाच्या मधोमध, तिथेच एक लोकप्रिय पॉइंट आहे, आणि त्याखाली फुप्फुसाचं टोक. सुई सरळ आणि खोल गेली तर फुप्फुसाला छिद्र पडून छातीत हवा भरू शकते. जाणकार माणूस तिथे स्नायू चिमटीत उचलून, तिरकी आणि उथळ सुई घालतो. सिटिंगनंतर एक-दोन दिवसांत श्वास घेताना छातीत टोचलं किंवा दम लागला तर थेट हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा आणि खांद्यावर सुया टोचल्या होत्या हे न विसरता सांगा. हे क्वचित होतं. ब्रिटनमध्ये २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ३४,४०७ उपचारांमध्ये एकही गंभीर इजा नोंदली गेली नव्हती. पण ते प्रशिक्षित हात होते.

प्रशिक्षित हात कसे ओळखायचे? महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे आणि महाराष्ट्र ॲक्युपंक्चर कौन्सिलकडे नोंदणी होते. नोंदणी क्रमांक विचारा; विचारण्यात संकोच कसला? ॲक्युप्रेशर, कोरियातून आलेली, हातापायांच्या पंजांवर उपचार करणारी सुजोक आणि फिजिओथेरपिस्टचं ड्राय नीडलिंग, म्हणजे आखडलेल्या स्नायूत सुई टोचणं, या तीन ॲक्युपंक्चरहून वेगळ्या गोष्टी आहेत आणि पाटीवर त्या सर्रास एकत्र दिसतात. आणखी एक गैरसमज इथे ऐकू येतो, की ही विद्या डॉ. कोटणीसांनी भारतात आणली. सोलापूरचे कोटणीस शल्यचिकित्सक होते आणि १९४२ साली चीनमध्येच वारले. १९३८ साली भारतातून चीनला गेलेल्या, कोटणीसांच्याच वैद्यकीय पथकातले डॉ. बिजयकुमार बसू पुढे चीनमध्ये शिकले आणि त्यांनी कोलकात्यात सुरुवात केली.

गुण येतो का? खऱ्या सुईची तुलना आत मागे सरकणाऱ्या बोथट खोट्या सुईशी केली तर फरक लहान निघतो. काहीच न करण्याशी केली तर मोठा. म्हणजे स्पर्श, विश्रांती, कुणीतरी नीट ऐकून घेणं यांचा वाटा मोठा आहे, आणि म्हणूनच चौकशी व शांत खोली यांवर आमचा एवढा जोर. ताणाच्या डोकेदुखीला पाया जास्त भक्कम आहे: कोणते उपचार द्यावेत याची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१२ मध्ये त्यासाठी पाच ते आठ आठवड्यांत दहापर्यंत सिटिंगची शिफारस केली. त्यामुळे कुणी पहिल्या दिवशी तीस सिटिंगचं पॅकेज आगाऊ भरायला लावलं तर नको म्हणा. पाचची फी भरा. घरी वहीत रोज तीनच आकडे लिहा: किती तास झोप, रात्री किती वेळा जाग, मानेचं दुखणं दहापैकी किती. पाचव्या सिटिंगला वही समोर ठेवा. काहीच हललं नसेल तर पॉइंट बदलून आणखी तीन, आणि तरीही नाही तर थांबा. मेडिक्लेमवर विसंबू नका. ‘आयुष’ या नावाखाली येणाऱ्या पद्धतींत ॲक्युपंक्चर नाही.

सुयांबरोबर चिनी गोळ्यांची बाटली पुढे केली गेली तर आमचा सल्ला स्पष्ट नकाराचा आहे. ताणावरचं सर्वांत प्रसिद्ध मिश्रण श्याओ याओ सान, सोंग राजवटीपासूनचं. त्यात ज्येष्ठमध, आलं, पुदिना अशी ओळखीची द्रव्यंही आहेत. पण ज्येष्ठमध रोज पोटात गेलं तर रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम उतरतं. त्यातलंच दांग ग्वेई हे मूळ, रक्त पातळ करणारी वॉरफरिनची गोळी घेणाऱ्याला रक्तस्रावाच्या धोक्यात टाकतं. १९९० च्या दशकात बेल्जियममध्ये वजन घटवण्याच्या गोळ्यांत चुकीची चिनी वनस्पती मिसळली गेली आणि अनेक बायकांची मूत्रपिंडं निकामी झाली. चिनी अक्षरांतलं लेबल ना तुम्हाला वाचता येतं ना तुमच्या फॅमिली डॉक्टरांना.

मोक्सा, म्हणजे दवण्याच्या जातकुळीतल्या वनस्पतीची धुमसती कांडी, थकव्याच्या साच्यात छान ऊब देते. बंद एसी केबिनमध्ये तिचा धूर दमेकऱ्याला सोसत नाही. कपिंगचे, म्हणजे पाठीवर पेले चिकटवून त्वचा आत ओढून घेण्याचे, गोल डाग आठवडाभर टिकतात, लग्नसराईत पाठ उघडी राहणारं ब्लाउज घालायचं असेल तर पुढे ढकला.

मानसोपचारतज्ज्ञांच्या गोळ्या चालू असतील तर त्या कोर्सच्या भरवशावर बंद करू नका; एकदम सोडल्या की चक्कर, बेचैनी, निद्रानाश उलटून येतात. जगणं नको वाटत असेल तर सुयांची वाट पाहायची नाही, १४४१६ या टेलि-मानसच्या सरकारी क्रमांकावर आत्ताच बोला. तिथे मराठीतूनही बोलता येतं.

दोन सिटिंगच्या मधल्या दिवसांत दाबण्यासाठी कानावरच्या पॉइंटवर बारीक बिया पट्टीने चिकटवून देतात. दिवसातून तीन-चार वेळा, प्रत्येक बी अर्धा मिनिट, दुखेल न दुखेल इतकी दाबायची. तीन ते पाच दिवसांत काढायच्या. पावसाळ्यात पट्टीखाली ओल राहते, तेव्हा दोन दिवसांतच. टू-व्हीलरवाल्यांनी डॉक्टरांना आधी हेल्मेट घालून दाखवावं, म्हणजे जिथे पॅड घासतं ती जागा सोडून बी लावता येते. नाहीतर कात्रजपर्यंत जाईस्तोवर कान सोलून निघतो आणि बी हेल्मेटमध्येच सापडते.