ल्वारचा काठ की जेर्सचे चढउतार? रोडबाइक घेऊन जाणाऱ्यांसाठी

फ्रान्समध्ये रोडबाइक चालवायची आहे, पण आल्प्स-पिरेनीजचे मोठे घाट नकोत, असं म्हणणाऱ्यांना बहुतेक जण ल्वार नदीचा काठ सुचवतात. नैऋत्येकडचा जेर्स हा विभाग (फ्रान्समधला जिल्ह्यासारखा भाग) फारसं कुणी सुचवत नाही. मी दोन्हीकडे सायकल चालवली आहे, आणि पुन्हा जायची वेळ आली तेव्हा जेर्सच निवडला. का, ते सांगतो. तुमची गरज वेगळी असेल तर निवडही वेगळी ठरू शकते.

ल्वारचं कौतुक आधी, कारण ते खरंच कौतुकाजोगं आहे. 'ल्वार आ व्हेलो' हा सुमारे ९०० किलोमीटरचा मार्ग थेट अटलांटिकपर्यंत जातो आणि पाट्या इतक्या नेमक्या आहेत की फोन खिशातून काढावा लागत नाही. चढ जवळजवळ नाहीतच. ऑर्लेआँ, ब्लुआ, तूर, सोम्यूर ही गावं रेल्वेने जोडलेली आहेत, त्यामुळे पाऊस लागला किंवा सोबतचं कुणी दमलं तर सायकलीसकट गाडीत बसता येतं. शाँबोरचा किल्लेवजा महाल, व्हिलाँद्रीच्या बागा, लिओनार्दोने जिथे १५१९ मध्ये शेवटचा श्वास घेतला ते आम्ब्वाझ, सगळं सायकलच्या टप्प्यात. शाकाहारी माणसाचीही सोय होते. मधोमध वाळकी काडी घातलेलं सेंत-मोर नावाचं शेळीचं चीज आणि पाव, एवढ्यावर माझी दुपार छान भागायची.

माझं घोडं अडलं ते रस्त्यापाशी. हा मार्ग निवांत फिरणाऱ्यांसाठी आखलेला आहे. थोडा वेळ सुंदर डांबर लागतं, सायकल वेगात येते, श्वास जमतो, आणि तेवढ्यात डांबर संपून दाबून बसवलेली बारीक खडी-वाळू सुरू होते. अठ्ठावीस मिलिमीटर रुंदीच्या टायरवर ती निभते. पण हँडलवरची पकड घट्ट होते आणि नदीवरची नजर चाकापुढच्या दोन हातांवर येते. पुढे वाट मोठ्या रस्त्याला मिळते तिथे कधीकधी आडवे कठडे भेटतात, मोटरसायकली आत शिरू नयेत म्हणून एकाआड एक लावलेले. क्लीट (बूट पेडलला अडकवणारी खाच) सोडवा, पाय टेका, पुढचं चाक वळवा, मागचं उचलून घ्या, सामानाची पिशवी घासत नाही ना ते बघा, मग परत पाय अडकवा. एकदा झालं तर काहीच वाटत नाही. दिवसभर कधी खडी, कधी कठडा, कधी गावातले दगडी रस्ते असं चालू राहिलं की लय म्हणून काही उरत नाही. मला रोडबाइक आवडते ती त्या लयीसाठीच.

त्यात उन्हाळ्यात वाटेवर कुटुंबंच्या कुटुंबं असतात, मागे ट्रेलरमध्ये झोपलेली बाळं, नुकतीच सायकल शिकलेली पोरं. मार्ग त्यांचाच आहे, आणि त्यांच्यामधून वेगाने जाणं मला पटत नाही. मग घंटी वाजवत हळू जायचं.

शेजारचा डांबरी रस्ता धरा, असा सल्ला मिळतो. तोही धरून पाहिला. बांधावरचे मोठे रस्ते गुळगुळीत आहेत, पण गाड्या भरधाव असतात आणि कडेला जागा कमी. म्हणजे शांतता हवी तर खडी, डांबर हवं तर गाड्या. नदी सोडून आत गेलं की दोन्ही जमतं, पण मग खास ल्वारला कशासाठी जायचं, हे मला उमगलं नाही.

जेर्समध्ये असा आखीव मोठा सायकलमार्ग मी धरला नाही आणि त्यावाचून अडलंही नाही. अख्ख्या विभागाची लोकसंख्या दोन लाखांच्या आत. पिवळ्या डोक्याचे पांढरे मैलाचे दगड असलेले 'डे' (D) क्रमांकाचे, म्हणजे विभागाचे, रस्ते गावागावांतून जातात आणि सकाळच्या प्रहरी त्यांवर एखादा ट्रॅक्टर सोडला तर कुणी भेटत नाही. गावाबाहेर सायकलला मागे टाकताना दीड मीटर अंतर ठेवायचा कायदा आहे. इथले गाडीवाले तो पाळतात, निदान माझ्या वाट्याला आलेले तरी.

चढ मात्र आहेत, आणि ते समजून घेतले तर अर्धं काम होतं. इथल्या नद्या, म्हणजे जेर्स, बाईझ, आरा, जिमोन, दक्षिणेकडच्या लानमेझाँ पठारावरून निघून पंख्याच्या काड्यांसारख्या उत्तरेकडे पसरतात. उत्तर-दक्षिण गेलात तर खोऱ्यातून किंवा धारेवरून आरामात जाता. पूर्व-पश्चिम निघालात की दर थोड्या अंतराने एक खोरं आडवं येतं, उतरायचं आणि परत चढायचं. आणखी एक गंमत अशी की या खोऱ्यांच्या दोन बाजू सारख्या नाहीत. नदीच्या पूर्वेची बाजू उभी, पश्चिमेची लांब आणि सौम्य. म्हणून पूर्वेकडून पश्चिमेकडे जावं. उतार झपकन संपतो आणि चढ पायांना मानवतो. पश्चिमेचा वारा त्या दिवशी समोरून लागू शकतो, तेवढं सोसायचं. कात्रजचा जुना घाट चढणाऱ्याला यातला एकेक चढ किरकोळ वाटेल, पण ते दिवसभर येत राहतात.

चढ संपून धारेवर आलं की दोन्हीकडे शेतं खाली उतरत जातात. जुलैत सूर्यफुलं, आणि हवा स्वच्छ असेल तर दक्षिणेला पिरेनीजची अख्खी रांग. रस्ता वळणं घेत जातो, डांबर सलग असतं, क्लीट तासन्‌तास अडकवलेलं राहतं. गावंही बघण्यासारखी: गोल चौकाभोवती वसलेलं फूर्सेस, तटबंदीतलं इवलंसं लारेसँगल, ला रोमिउचं चौदाव्या शतकातलं मोठं चर्च. लेक्तूर, ला रोमिउ आणि काँदॉवरून स्पेनमधल्या सांतियागोची ख्रिस्ती पदयात्रा जाते, त्यामुळे यात्रेकरूंसाठीच्या स्वस्त मुक्कामांत सायकलवाल्यालाही जागा मिळू शकते.

अडचणी इथेही आहेत. उन्हाळ्यात डांबर शिंपडून वर सुटी खडी टाकतात. 'ग्राव्हियाँ' अशी पाटी दिसली की वळणावर वेग कमीच ठेवा. एरवीही डांबर जरा खरखरीत आहे, हातांना जाणवतं. लहान गावांतली दुकानं दुपारी दोन-दोन तास बंद आणि सोमवारी कित्येकदा दिवसभर. पाण्यासाठी गावाबाहेरची दफनभूमी शोधायची. तिथे बहुतेक वेळा नळ असतो, मात्र पाणी पिण्याजोगं नसल्याची पाटी नाही ना, ते बघून बाटली भरावी. शाकाहाऱ्यांना थोडी तयारी ठेवावी लागते, कारण जेवणात बदक हमखास. मी लेक्तूरचे खरबूज, चीज, पाव आणि पापुद्र्यांची सफरचंदाची क्रुस्ताद यांवर निभावलं. चांगली रोडबाइक भाड्याने हवी असेल तर ती तुलूझलाच ठरवून घ्या. ल्वारकाठी मात्र भाड्याच्या सायकली सहज मिळतात.

घरचे सोबत असतील, मुलं असतील, महाल बघायचे असतील, तर बिनदिक्कत ल्वारला जा. २०२७ च्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीसाठी महाराष्ट्रातून जे रँडोनर (असे पल्ले ठरलेल्या वेळेत पार करणारे सायकलस्वार) जातील, त्यांना १२०० किलोमीटरनंतर चार दिवस मोकळे मिळाले तर त्यांनाही मी ल्वारच सांगेन. त्या पायांना सपाटीच बरी.

पण स्वतःची सायकल, ताजे पाय आणि आठवडाभर वेळ असेल, तर पॅरिसहून जेर्सच्या उत्तरेला असलेल्या आजाँ शहरापर्यंत जलद गाडीने या, साडेतीन तासांच्या आतबाहेर लागतात. सायकल खोलून पिशवीत भरली की जागेची कटकट कमी. गारोन नदी ओलांडून लेक्तूरकडे निघा, चाळीसेक किलोमीटर होतील. राष्ट्रीय रस्ता क्रमांक २१ टाळून शेजारचे छोटे रस्ते धरा. जून किंवा सप्टेंबर गाठा, ऑगस्टचं ऊन कडक असतं. आणि पहिला दिवस सोमवार येणार नाही असं बघा, म्हणजे वाटेत एखादी तरी बेकरी उघडी सापडेल.