आधी चहा की आधी मुडदे?

खेड्यातलं चक्रम जपानी कुटुंब बघायचं मनात असेल, तर दोन सिनेमे हाताशी आहेत: कात्सुहितो इशीचा 'द टेस्ट ऑफ टी' (२००४) आणि ताकाशी मिइकेचा 'द हॅपिनेस ऑफ द काताकुरिस' (२००१). दोन्हींत भरलं घर, एकेक नग, वर एक कलंदर आजोबा. तरी एक आवडला म्हणून दुसरा आवडेलच, अशी हमी मी देणार नाही.

काताकुरींची गोष्ट चटकन सांगता येते. नोकरी गेलेला बूटविक्रेता मासाओ डोंगरात लॉज काढतो. जवळून रस्ता जाणार असं ऐकलेलं असतं, त्या रस्त्याचा काही पत्ता नसतो. पहिलंच गिऱ्हाईक येतं आणि खोलीत आत्महत्या करतं. बोभाटा झाला तर धंदा बसेल, म्हणून सगळं घर मिळून त्याला गुपचूप पुरून टाकतं. मग येतो सुमो पैलवान, मैत्रिणीला घेऊन. तो हार्ट अटॅकने जातो, ती त्याच्या अंगाखाली गुदमरून. मुडदे वाढत जातात तसे हे लोक गातात, नाचतात. मध्येच सगळं मातीच्या बाहुल्यांचं ॲनिमेशन होतं. एका गाण्याला तर कॅराओकेसारखे शब्दच पडद्यावर येतात. घरातली घटस्फोटित लेक ज्याच्या प्रेमात पडते तो रिचर्ड म्हणे अमेरिकन नौदलात आहे आणि वर इंग्लंडच्या राणीचा भाचा! मूळ कथानक 'द क्वाएट फॅमिली' या १९९८च्या कोरियन सिनेमाचं. गाणी आणि बाहुल्या इथल्या. गोष्ट थांबवून गाणं सुरू झालं तर आपल्याकडच्या प्रेक्षकाला काही वावगं वाटत नाही, त्यामुळे हा सिनेमा आपल्याला पचायला सोपा. जेमतेम दोन तासांचा आहे आणि कंटाळा येऊ देत नाही.

'टेस्ट ऑफ टी'ला मात्र सांगण्यासारखी गोष्टच नाही. तोचिगी प्रांतातलं हारुनोंचं घर, भोवती भातशेती. शाळकरी हाजिमेच्या मनातली मुलगी गाव सोडून जाते तेव्हा त्याच्या कपाळातून चक्क आगगाडी बाहेर पडते, खिडकीत ती मुलगी. पुढे शाळेत नवी मुलगी येते, तिला 'गो' हा पटावरचा खेळ खेळता येतो, आणि स्वारी पुन्हा हवेत. धाकटी साचिको वेगळ्याच पेचात: घराएवढी मोठी दुसरी साचिको तिच्याकडे टक लावून बघत असते. बोलत नाही, त्रास देत नाही, नुसती बघते. व्यायामाच्या आडव्या दांडीवर उलटी गिरकी जमली की ही पीडा जाईल, असं साचिकोच्या डोक्यात बसतं. ते डोक्यात भरवणारी गोष्ट असते मामाची. लहानपणी तो रानात परसाकडला बसला, ते नेमका एका पुरलेल्या कवटीवर. पुढचं तुम्हीच बघा, फक्त जेवताना नको.

आई स्वयंपाकघरातल्या टेबलावर ॲनिमेशनची चित्रं काढते, पुन्हा त्या कामाला लागायची तिची धडपड चाललेली. आजोबा तिच्यासाठी मारामारीच्या पोझ देतात. बाबा संमोहनतज्ज्ञ. मामाचं काम तादानोबू असानोने केलंय. लग्न झालेल्या जुन्या मैत्रिणीसमोर तो उभा राहतो, तेव्हा दोघांना बोलायला धड वाक्य सुचत नाही. सिनेमातला माझा सर्वांत लाडका प्रसंग हाच.

माझ्या लेखी खरा फरक इथे आहे. काताकुरींना संकट एकत्र बांधतं, फावडं सगळ्यांच्या हाती. हारुनोंकडे ज्याचं वेड त्याच्यापाशी. साचिकोच्या मानगुटीवर काय बसलंय, हे घरात कोणी विचारत नाही. पण ओसरीवर चहा घेत सगळी शेजारी-शेजारी बसतात. जवळजवळ अडीच तास हे असंच चालतं. मधला भाग थोडा सैल आहे, हे कबूल. त्यातलं स्टुडिओतलं डोंगराचं गाणं मला अर्ध्यावर पुरे झालं होतं.

मित्रमंडळी जमली असतील, आरडाओरडा करत बघायचं असेल, तर बेलाशक काताकुरी लावा. फक्त सुरुवातीच्या सूपच्या वाटीतून निघणारं ते पंखवालं प्रकरण बघून लहान पोरं बिचकतील. एकटे असाल, सुट्टीची दुपार असेल आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवायची तयारी असेल, तर हारुनो. दोन्ही बघायचे असतील तर आधी काताकुरी. हारुनोंच्या संथपणानंतर मिइकेचा गोंगाट अंगावर येतो. आणि हारुनो अर्ध्यावर सोडू नका; आजोबांच्या खोलीत शेवटी जे सापडतं, त्यासाठी आधीचे दोन तास लागतातच.