तापलेली स्पिटफायर: स्पेसर की इलेक्ट्रिक पंप?

ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला, की जुनी ट्रायम्फ स्पिटफायर (ब्रिटिश स्पोर्ट्स कार) चहाच्या टपरीवर दहा मिनिटं थांबून पुन्हा चालू व्हायला रडते. कार्ब्युरेटर, म्हणजे पेट्रोलात हवा मिसळणारा भाग, एक्झॉस्टच्या डोक्यावरच. इंजिन बंद झालं की धग फ्लोट चेंबरात (कार्ब्युरेटरच्या पेट्रोल साठवणाऱ्या वाटीत) चढते, पेट्रोल उकळतं. अशा वेळी मॅनिफोल्ड (इंजिनात मिश्रण नेणारी नळी) आणि कार्ब्युरेटरच्या मधे बेकलाइटचा, म्हणजे उष्णता न नेणाऱ्या प्लास्टिकचा जाड स्पेसर (मधली चकती), खाली धग अडवायला पत्रा. स्वस्त काम, फक्त एअर फिल्टरला जागा उरते का ते मोजा.

चालता चालता गचके देत बंद पडत असेल, तर स्पेसर बिनकामाचा. इंजिनाला चिकटलेल्या मेकॅनिकल पेट्रोल पंपात वाफ धरते, पेट्रोल पुढे जात नाही. टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप बसवा. दाब 3 पीएसआयच्या (दाबाचं एकक) आतच, नाहीतर या गाडीचं एसयू कंपनीचं कार्ब्युरेटर ओसंडतं. धडकेत पंप बंद करणारा स्विच हवाच.

मी आधी स्पेसरच लावेन, कारण इलेक्ट्रिक पंपाला वायरिंग लागतं. ट्रॅक्टरचं वायरिंग करणारे आपले मिस्त्री फ्यूज हमखास विसरतात, अन् इथे वायरीशेजारी पेट्रोल आहे!