इंजिन उघडलंच नाही आणि रिंगा बदलल्याचे पैसे घेतले

मंडळी, हे लिहायला मला दोन महिने लागले कारण आठवलं की अजून संताप होतो, पण दुसऱ्या कुणाचं असं होऊ नये म्हणून लिहितोय.

माझ्याकडे माझदा एमएक्स-५ आहे, तिसऱ्या पिढीची, २ लिटर इंजिनवाली. एक दिवस अॅक्सिलरेटर दाबला की गाडी थरथरायला लागली आणि चेक इंजिनचा दिवा नुसता लागला नाही तर लुकलुकायला लागला. दिवा असा लुकलुकत असेल तर गाडी दामटू नका, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवरचा धूर साफ करणारा भाग) जाऊन तो तापून खराब होतो. मी घाबरून गाडी लगेच गॅरेजला नेली. त्यांनी स्कॅनर लावला, कोड आला पी०३०३, आणि पाच मिनिटांत निकाल दिला की तीन नंबर सिलेंडरचं कॉम्प्रेशन (आतला दाब) गेलंय, रिंगा (पिस्टनभोवतीची, दाब धरून ठेवणारी कडी) संपल्यात, इंजिन उघडावं लागेल.

आता नीट ऐका, पी०३०३ म्हणजे फक्त तीन नंबर सिलेंडर मिसफायर करतोय, त्यात पेट्रोल नीट जळत नाहीये, एवढंच. का करतोय ते तो कोड सांगत नाही, कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी), प्लग, इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा), कॉम्प्रेशन काहीही असू शकतं. कॉम्प्रेशन गेलंय असं म्हणायचं तर गेज लावून चारही सिलेंडरचे आकडे घ्यावे लागतात. मला एकही आकडा दाखवला नाही आणि मीही मागितला नाही.

गाडी तीन आठवड्यांनी मिळाली, सोबत "जुन्या रिंगा" एका डब्यात. महिनाभर बरी चालली आणि मग परत तीच थरथर, तोच कोड. या वेळी भाऊ म्हणाला आधी घरीच बघू. इंजिन गार झाल्यावर वरचं कव्हर काढलं, तीन नंबरची कॉइल एक नंबरला लावली आणि एकची तीनला, प्रत्येकीला एक बोल्ट आणि एक कनेक्टर, बास. कोड पुसून गाडी चालवली तर आता पी०३०१ आला, म्हणजे बिघाड कॉइलबरोबर सरकला. नवीन कॉइल टाकली, गाडी एकदम नीट.

मग डोक्यात किडा वळवळला आणि तो डबा काढला. या इंजिनचा बोअर, म्हणजे सिलेंडरचा आतला व्यास, ८७.५ मिमी आहे आणि मोकळी रिंग नेहमी बोअरपेक्षा थोडी मोठीच असते, दाबून आत बसवतात म्हणून. डब्यातल्या रिंगा कॅलिपरने मोजल्या तर ८० मिमीच्या आसपास! त्या माझ्या इंजिनच्या असूच शकत नाहीत. रिंगा बदलायच्या तर इंजिनचं वरचं हेड आणि खालचा ऑइल सम्प (ऑइल साठतं ते भांडं) दोन्ही उतरवावे लागतात, आणि माझ्या सम्पच्या बोल्टवर वर्षानुवर्षांचा चिकट मळ जसाच्या तसा होता, एकालाही पाना लागलेला नाही. जाब विचारला तर म्हणे डबा बदलला असेल, आणि कॉइल नंतर गेली असेल. मग सम्पवरच्या मळाचं काय विचारलं तर गप्प.

म्हणून कुणी रिंगा म्हटलं तर आधी आकडे लिहून मागा, तेही चारही प्लग काढून आणि थ्रॉटल (हवेची झडप) पूर्ण उघडून घेतलेले, आणि एक सिलेंडर कमी दाखवत असेल तर त्यात थोडं ऑइल टाकून परत मोजायला सांगा, आकडा वर आला तरच रिंगांवर संशय धरता येतो. आणि इंजिन उघडलं की तुम्हाला बोलवायला सांगा, उघडं बघितल्याशिवाय पुढच्या कामाला हो म्हणू नका.

मी रिंगांचे आणि सम्पचे फोटो लावून लेखी तक्रार दिलीये, पैसे अजून आलेले नाहीत, डबा मात्र जपून ठेवलाय.