पायपीआय: सुधारलेले पॅकेज पुन्हा पाठवताना

पायथनमध्ये लिहिलेला प्रकल्प इतरांना वापरायला द्यायचा, तर तो पायपीआयवर, म्हणजेच पायथन पॅकेज इंडेक्सवर चढवण्याची पद्धत आता चांगलीच रुळली आहे. २००३ पासून सुरू असलेली ही सेवा पायथन सॉफ्टवेअर फाउंडेशन चालवते आणि ती विनामूल्य आहे. पहिल्यांदा पॅकेज चढवणे तसे सोपे असते. सेवेचा खरा स्वभाव कळतो तो तेच पॅकेज सुधारून पुन्हा पाठवताना, म्हणून हे परीक्षणही तेवढ्यापुरतेच आहे.

इथला मुख्य नियम असा, की एकदा चढवलेल्या फाइलच्या जागी त्याच नावाची दुसरी फाइल ठेवता येत नाही. १.४.० ही आवृत्ती गेली आणि पाचच मिनिटांत तिच्यात एक क्षुल्लक चूक दिसली, तरी दुरुस्त कोडसाठी १.४.१ काढावी लागते. जुनी फाइल पुसली तरी ते नाव मोकळे होत नाही. पुन्हा पाठवायला गेल्यास फाइल चढवण्याचे साधन असलेली ट्वाइन ४०० क्रमांकाची त्रुटी दाखवते. नवख्याला हे जाचक वाटणे स्वाभाविक आहे, पण नियम योग्यच आहे. कुणीतरी आपल्या प्रकल्पात १.४.० हा क्रमांक नेमका लिहून ठेवलेला असतो, कधी त्यासोबत फाइलचा हॅशही, म्हणजे तिच्या मजकुरावरून काढलेली ओळखखूणही, नोंदवलेली असते. आतला मजकूर गुपचूप बदलला, तर पॅकेज उतरवून बसवणारी पिप हॅश तपासून इन्स्टॉल करायलाच नकार देईल. आणि हॅश नसेल, तर एकाच क्रमांकाखाली दोन यंत्रांवर दोन निराळे कोड चालू लागतील, ज्याचा पत्ता लागायला बराच वेळ जातो.

हाच कडकपणा रीडमीला, म्हणजे पॅकेजची ओळख करून देणाऱ्या मजकुरालाही, लागू होतो, तिथे मात्र तो खटकतो. प्रकल्पाच्या पानावर दिसणारे वर्णन त्या आवृत्तीच्या मेटाडेटातून, म्हणजे फाइलसोबत गेलेल्या माहितीतून, येते आणि संकेतस्थळावर जाऊन ते बदलण्याची सोय नाही. तुटलेला एक दुवा दुरुस्त करायचा म्हटले तरी १.४.० नंतर ‘पोस्ट१’ जोडलेली आवृत्ती काढावी लागते. क्रमांकांच्या नियमांत, म्हणजे पेप ४४० या पायथनच्या अधिकृत प्रस्तावात, तशी तरतूद आहे. पण पिपच्या लेखी ती मूळ आवृत्तीपेक्षा नवी ठरते, त्यामुळे कोडचे एक अक्षरही बदललेले नसताना वापरणाऱ्यांना नवी आवृत्ती उतरवावी लागते. वर्णन कोडपासून वेगळे ठेवायला हवे होते, असे माझे मत आहे. तोपर्यंत पाठवण्याआधी ‘ट्वाइन चेक’ चालवून रीडमी नीट दिसेल की नाही, हे पाहून घेणे एवढेच हाती उरते.

सदोष आवृत्ती मागे घेण्यासाठी जी ‘यँक’ सोय आहे, ती मला या सेवेतील सर्वांत विचारपूर्वक केलेली गोष्ट वाटते. २०१९ च्या पेप ५९२ मधून ती आली. यँक केलेली आवृत्ती पिप आपणहून निवडत नाही, पण ज्याने तोच क्रमांक नेमकेपणाने मागितला आहे त्याला ती मिळत राहते, आणि सोबत मागे घेण्याचे कारणही इशाऱ्यात दिसते. निर्णय चुकला असे वाटले, तर यँक उलटवताही येते.

म्हणूनच शेजारी असलेले ‘डिलीट’ अधिक विसंगत वाटते. फाइल बदलू न देणारी सेवा मालकाला अख्खा प्रकल्प पुसू देते, आणि त्यानंतर ते नाव दुसऱ्या कुणालाही घेता येते. जावास्क्रिप्टच्या जगात मार्च २०१६ मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ हे अवघ्या ११ ओळींचे पॅकेज एनपीएम या तिथल्या पॅकेज-सेवेवरून काढले गेले आणि त्याच्यावर विसंबलेले असंख्य प्रकल्प बिल्ड होईनात; त्यानंतर एनपीएमने पॅकेज काढण्यावर बंधने घातली. पायपीआयनेही ती घालावीत.

बाकी व्यवस्था चोख आहे. १ जानेवारी २०२४ पासून द्विस्तरीय पडताळणी सर्वांना सक्तीची आहे, आणि २०२३ मध्ये आलेल्या ‘ट्रस्टेड पब्लिशिंग’मुळे कायमचे टोकन, म्हणजे पासवर्डसारखी गुप्त किल्ली, सांभाळत बसावे लागत नाही, प्रत्येक वेळी १५ मिनिटांपुरते टोकन मिळते. सरावासाठी टेस्टपायपीआय आहे, मात्र त्यासाठी वेगळे खाते काढावे लागते आणि फाइलच्या नावाचा नियम तिथेही तोच आहे. त्यामुळे चाचणीच्या प्रत्येक खेपेला ‘डेव्ह१’, ‘डेव्ह२’ असे क्रमांक वाढवत न्यावेत आणि १.४.० हा क्रमांक खऱ्या प्रकाशनासाठी राखून ठेवावा.